लोकांच्या डोळ्यांतला ‘मी’

दीड-दोन वर्षांचे मूल आरशात स्वतःला ओळखू लागते. तेव्हा त्याचा ‘मी’ म्हणजे आपले शरीर, आपले नाव, आपले खेळणे. ७-८ वर्षांचे झाले की ते वर्गातील इतर मुलांशी स्वतःची तुलना करू लागते. १२-१३ व्या वर्षी तर सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, असे त्याला वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले. म्हणूनच चेहऱ्यावरील एक मुरूम किंवा एक टोमणा त्या वयात डोंगराएवढा होतो.

अशा मुलाला पाहुण्यांसमोर ‘आळशी’ म्हणू नका. पुष्कळदा तो शब्दच त्याला आपली ओळख वाटू लागतो. चूक एकांतात सांगा, कौतुक चारचौघांत करा. घरातील एखादे खरे काम त्याच्यावर सोपवा. आजोबांना दवाखान्यात नेणे, महिन्याचा किराणा आणणे, काहीही. ‘मी कसा दिसतो?’ असे विचारणारे मन सेवा करता करता ‘मी कोणाच्या उपयोगी पडतो?’ असे विचारू लागते. मग ते प्रेक्षक हळूहळू पांगतात. आत्म्याची ओळख याच प्रश्नापासून सुरू होते. आजच आपल्या मुलाला असे एक काम द्या आणि ते त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या.