दारे धरणाऱ्याची बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. रात्रीची पाळी असली की चुलते जेवून निघायचे, खांद्यावर फावडे, हातात बॅटरी. विहिरीपर्यंत सारखे हेलपाटे नकोत म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला. त्यामुळे थ्री फेज आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उचल घ्यायच्या आणि महिन्यातून एकदा तरी डीपी जळायची. जानेवारीच्या थंडीत गव्हाला पाणी देताना गुडघ्याखालचे पाय आपले वाटत नाहीत. उसात साप. एवढे सोसून आलेला माणूस सकाळी पुन्हा गोठ्यात.

वीज रात्रीच का? गावात उत्तर ठरलेले: शेतकऱ्याची कुणाला पडलीय! ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे औष्णिक केंद्राच्या बॉयलरमध्ये होते. रात्री कचेऱ्या, दुकाने, बरेचसे कारखाने बंद होतात, विजेची मागणी उतरते. पण कोळशाचा संच म्हणजे घरातला गॅस नव्हे. तो विझवला तर पुन्हा तापवायला कित्येक तास आणि वर तेल लागते. म्हणून तो मंद का होईना, जळत ठेवावा लागतो. मग त्या नको असलेल्या विजेला गिऱ्हाईक कोण? महाराष्ट्रात शेतीपंपांचे ग्राहक 45 लाखांच्या आसपास आहेत. त्यांची झोप मोडली की चंद्रपूर-कोराडीचे गणित बसायचे. वीज साठवायची सोय आपल्याकडे नव्हती असे म्हणतात. होती की! बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला माणूसच ती बॅटरी होता.

आता पारडे फिरले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही साधी कल्पना. चुलत्यांच्या गावालाही ती पोचली. चांगलेच झाले. मात्र दिवसाची वीज इतकी वर्षे न्याय म्हणून मागितली, तेव्हा मिळाली नाही. दुपारची वीज स्वस्त झाली आणि ती खपवायला गिऱ्हाईक हवे झाले, तेव्हा मिळाली. ग्रिडची सोय तेवढी रात्रीवरून दुपारवर आली.

ग्लासगोत 2021 साली भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचा शब्द दिला. 2025 च्या जूनमध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत अशा विजेचा वाटा निम्म्यावर गेला. पेढे वाटण्याजोगीच बातमी. फक्त क्षमता म्हणजे युनिट नव्हे. प्रत्यक्ष युनिटांत अजून बराच मोठा वाटा कोळशाचाच आहे, कारण सूर्य साडेसहाला घरी जातो आणि नेमके तेव्हाच आपण दिवे, टीव्ही, एसी लावतो.

म्हणजे खरा प्रश्न संध्याकाळचा. त्यावर महाराष्ट्राकडे जुने उत्तर आहे: डोंगर आणि पाणी. घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 पासून खालचे पाणी वर चढवतो आणि गरज पडली की सह्याद्रीवरून कोकणात सोडतो. तेव्हा चढवायला रात्रीची वीज धरलेली होती, आता दुपारची चालेल. कोयनेची 1960 मेगावॅट क्षमताही झटकन हाताशी येते, पण पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायचे पाणी 67.5 टीएमसीवर बांधले आहे, त्यामुळे ते पुरवून वापरावे लागते. म्हणून आता घाटमाथ्यावर उदंचनाचे, म्हणजे घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे, नवे प्रकल्प आखले जात आहेत.

इथे मला मुळशी आठवते. 1921 मध्ये सेनापती बापटांनी लढा दिला तो टाटांच्या धरणाविरुद्ध, मुंबईला वीज पुरवणाऱ्या धरणाविरुद्ध. आजच्या भाषेत ती हरित ऊर्जाच. तिला धूर नव्हता, तरी मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेलीच. उदंचनाला माझा विरोध नाही. कोळशापेक्षा ते शतपटीने बरे. पण शिवारातली बॅटरी सुटली म्हणून ती घाटमाथ्यावरच्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या हाती देणार असू, तर त्यांना आधी विचारा, आणि त्या विजेत त्यांचा वाटा किती ते कागदावर लिहा.

चुलते आता रात्री झोपतात. परवा त्यांनीच विचारले, “आभाळ आलं तर रं?” मी शहाणपणाने म्हणालो, “पावसाळ्यात तुम्हाला मोटार कशाला लागतीय?” ते नुसते बघत राहिले. जुलैत आभाळ पंधरा-पंधरा दिवस भरून राहते आणि थेंब पडत नाही, तेव्हा पेरलेले सोयाबीन मोटारीवरच जगते. त्या दिवसांत मोटार फिरवतो तो अजून चंद्रपूरचा कोळसाच.