नोकरी सोडण्याआधी

चि. मुक्ता,

कॉलेजात शिकवायला लागल्यापासून स्वतःची ओळ लिहून होत नाही, म्हणून राजीनामा द्यावासा वाटतो, असं लिहिलं आहेस. घाई करू नकोस. आधी अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनरची हकिगत वाच.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या चिकोच्या कॉलेजात तो कथालेखन शिकवत होता. वय पंचविशीच्या आसपास. खोलीत स्वतःच्या हस्तलिखितांची खोकी आणि छापलेली कादंबरी एकही नाही. पहिली आली १९६६ मध्ये. वर्गात रेमंड कार्व्हर नावाचा मुलगा होता. लग्न झालेलं, दोन मुलं, घरी लिहायला जागा नाही. गार्डनरने शनिवार-रविवारसाठी त्याला आपल्या खोलीची किल्लीच देऊन टाकली. पठ्ठ्याने तिथे बसून गुरूच्या कथांची शीर्षकं उचलली, थोडी फिरवून आपल्या कथांना लावली आणि बोलणीही खाल्ली! हे पुढे कार्व्हरनेच लिहून ठेवलंय.

त्याहून मोलाचं वाटतं ते गार्डनरचं तपासणं. काही शब्द तो सरळ खोडायचा, त्यावर वाद नाही. काहींना कंस करायचा, त्यांवर बोलणी व्हायची. स्वल्पविरामावरही चर्चा. पोराच्या कथेकडे तो स्वतःच्या कथेइतक्याच गांभीर्याने बघत होता. तू साठ वह्यांवर ‘छान’ लिहितेस आणि थकतेस. दर आठवड्याला दोनच निवड, पण अशा तपास. दुसऱ्याचं फालतू विशेषण खोडायला सरावलेला हात तुझ्या पानावरही थांबणार नाही.

तो शिकवत राहिला आणि लिहीतही राहिला. ‘ग्रेंडेल’ १९७१ मध्ये आली, ‘ऑक्टोबर लाइट’ १९७६ मध्ये. ‘ऑन मॉरल फिक्शन’मध्ये त्याने समकालीनांवर कोरडे ओढले, ते पुस्तक वाच, पण तो आवेश उचलू नकोस, त्याने त्यालाही शत्रूच मिळाले. १९८२ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ हे त्याचं शिकवण्यातूनच आलेलं पुस्तक त्याच्या पश्चात निघालं.

सहा महिने वाया गेले म्हणतेस. गार्डनर अकरा वर्षांचा असताना तो चालवत असलेल्या ट्रॅक्टरमागच्या अवजाराखाली सापडून त्याचा धाकटा भाऊ दगावला होता. ती गोष्ट ‘रिडेम्प्शन’ या कथेत उतरायला तीसहून अधिक वर्षं लागली.

राजीनाम्याचा कागद तूर्त खणात ठेव. अर्धवट कथा आहे तशी पाठव, दोन ओळींत अंतर सोडून. मी कंस करीन, तू भांड.

तुझा,
नानाकाका