धूर कोणाचा?

पावसाळ्यात सिमरोलला चुलीत ओली लाकडं घातली की डोळे चुरचुरतात. आम्ही बायका म्हणतो, विस्तव म्हटला की धूर आलाच! अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त मात्र हे खोडलंय. धूर तिथे अग्नी, हे खरं. अग्नी तिथे धूर, हे नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. आच आधी पाणी आटवण्यातच खर्च होते, लाकूड पुरतं पेटत नाही.

मग घरातल्या कुणाला ‘मुळातच तापट’ ठरवताना आम्ही ओल कुठे मुरलीय ते बघतो का? सून चिडली, तर तिची झोप झालीय का, विचारतो? अर्थात ओल सापडली म्हणून धूर कमी झोंबत नाही, आणि झोंबतो तो शेजारी बसलेल्यालाच.