शिंगे गळतात तेव्हा



एखादा मुलगा चार पैसे मिळवू लागला आणि घरात उलटून बोलू लागला, की आपल्याकडे म्हणतात, "याला आता शिंगं फुटली." फुटलेली शिंगे पुन्हा गळतात का, याबद्दल मात्र आपल्या भाषेत फारसे काही नाही. फार तर म्हातारपणी कोणी शिंगे मोडून वासरांत शिरतो, तेही चेष्टेचे बोलणे.

दौंडहून सुप्याकडे गेले की मयूरेश्वर अभयारण्य लागते. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. माळरान, खुरटे गवत, बाभळी, आणि नशीब असेल तर चिंकारा. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट आहेत. चिंकारा काय किंवा काळवीट काय, त्यांची शिंगे जन्मभराची असतात. मोडले तर मोडले, नवे येत नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात दिसणारे चितळ आणि सांबर यांची गोष्ट वेगळी. त्यांची शिंगे म्हणजे भरीव हाडच, आणि ते बुडापासून गळून पुन्हा नवे येते. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो म्हणून हा फरक ध्यानात येत नाही.

बैलाचे शिंग आपल्याला जास्त जवळचे. पोळ्याच्या आधी शिंगे साळून त्यांना हिंगूळ लावताना ज्याने बैल धरला आहे त्याला ठाऊक असते, की वरचे साळले तर बैल शांत उभा राहतो. हात खोल गेला तर रक्त येते. वरचे कवच आपल्या नखासारखे असते, आत जिवंत हाड. कवच आणि हाड, दोन्ही बैलाबरोबर अखेरपर्यंत राहतात.

उत्तर अमेरिकेच्या माळरानावर प्राँगहॉर्न नावाचा प्राणी आहे. दिसायला हरणासारखा, पळण्यात चित्त्याच्या खालोखाल, नाते मात्र जिराफाशी जवळचे. त्याची शिंगे बैलासारखीच, आत हाड आणि वर कवच. पण हा प्राणी दरवर्षी ते कवच टाकतो. माजाचा काळ संपला, नरानरांच्या झुंजी थांबल्या, की थोड्याच दिवसांत कवच गळते. हाड जागेवरच राहते. आणि ते कवच कोणी ओढून काढत नाही. खाली हाडावर नवे कवच आधीच धरू लागलेले असते, तेच जुन्याला सैल करून ढकलते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिंगे पुन्हा पूर्ण होतात.

हे वाचले तेव्हा आम्हाला प्राण्याचे कौतुक वाटण्याआधी स्वतःची लाज वाटली. कारण सांगतो.

आमचा आणि आमच्या थोरल्या बंधूंचा बांधाला बांध आहे. बांध किती होता आणि आता किती उरला आहे, यावरून दोन्ही घरांत वीस वर्षे कुरबूर चालू आहे. दरवर्षी राखेचा बुधवार येतो. आम्ही सगळे कपाळाला राख लावून घेतो, पापनिवेदनाला जातो, आणि ईस्टरच्या आत एकमेकांच्या घरी चहा होतो. मिस्सात शांती देताना वहिनींचे डोळे भरून येतात, आमचेही येतात. त्यात खोटे काही नसते. मग नांगरट येते, आणि पहिल्या सरीलाच सगळे पुन्हा सुरू.

आम्ही समजत होतो की दोष नांगरटीचा. आता वाटते, दोष आमच्या समेटाच्या मुहूर्तात आहे. उपवासकाळ येतो तेव्हा गहू निघालेला असतो किंवा निघायच्या बेतात असतो. बांधाला कोणाचाच नांगर लागत नसतो. झुंजच नाही, तर शिंगे टाकायला काय जाते? प्राँगहॉर्नला दोष देता येत नाही, तो मुक्या निसर्गाने चालतो. आम्हाला तर बुद्धी दिली आहे. ज्या महिन्यात शिंगांची गरज नाही त्या महिन्यात ती उतरवायची आणि त्याला क्षमा म्हणायचे, हा हिशेब देवाघरी कसा लागत असेल?

तरी आम्ही त्या चहाला अगदी फुकट म्हणायला तयार नाही. पवित्र शास्त्रात शिंग म्हणजे बळ. स्तोत्रांत शिंग उंचावणाऱ्या गर्विष्ठांना ताकीद आहे. पण जखऱ्या त्याच शब्दाने तारणाऱ्याचे स्वागत करतो, आणि जीव वाचवायला आलेला माणूस वेदीचीच शिंगे धरतो. शिंग असणे हे पाप नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली हेच शिकवले, की स्नानसंस्कारानंतरही माणसात वाईटाकडे ओढ उरते, ती स्वतः पाप नव्हे, तिच्याशी झुंजायचे असते. म्हणजे आतले हाड राहणारच. आमच्या घराण्याचा तापट स्वभाव आजोबांपासूनचा आहे, तो एका पापनिवेदनाने जाईल अशी आशा धर्मगुरूंनीही केली नसावी. ओढून काढायला गेले तर रक्तच येईल.

प्रश्न राहतो तो कवचाचा. जुने पडले हे खरे, पण खाली धरते आहे ते काय? तिथेही तोच राग दाटत असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच शिंग पुन्हा तयार होणार, आणि आम्ही पुन्हा राखेच्या बुधवारची वाट पाहणार. दुसरे काही धरायचे असेल तर ते भर नांगरटीतच धरावे लागेल, जेव्हा टोचते तेव्हा. हे आम्हाला पटले आहे. जमेल की नाही, हे आमच्या घरातच अजून एकमताने ठरलेले नाही. धाकट्याचे म्हणणे, आधी सरकारी मोजणी करा, मग क्षमा करा. त्याच्या बोलण्यातही तथ्य आहे; मोजणीला कोणी शिंग म्हणू नये.

तूर्तास एवढेच झाले आहे, की ट्रॅक्टरवाल्याला यंदा बांधापासून हातभर अलीकडून नांगर घालायला सांगितले आहे. थोरल्यांना अजून सांगितलेले नाही.