स्टिअरिंगवरचा माणूस

युद्धभूमीवरच्या पत्रकारांचे चित्रपट बरेचदा गाडीतच घडतात. बातमी आघाडीवर असते आणि तिथवर पोहोचायला रस्ता कापावा लागतो. पण ती गाडी हाकणारा, नाक्यानाक्यावर बंदूकधाऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलून पाहुण्यांचा जीव वाचवणारा स्थानिक माणूस दिसायला पडद्याला फार वेळ लागला.

१९८४ च्या 'द किलिंग फील्ड्स'ने तो दाखवला. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी दिथ प्रान यांची ही खरी कहाणी. १९७५ मध्ये नॉम पेन्ह पडलं, तेव्हा ख्मेर रूजच्या सैनिकांची मनधरणी करून प्राननी शॅनबर्गना वाचवलं. शॅनबर्ग देशाबाहेर पडले, प्रान मागे अडकले. चित्रपटाचा उत्तरार्ध प्रानसोबतच चालतो. ती भूमिका करणारे हाइंग न्गोर स्वतः ख्मेर रूजच्या छळातून वाचलेले डॉक्टर. ऑस्कर त्यांना मिळालं, पण सहायक अभिनेत्याचं. हे मला आजही खटकतं.

आपल्याकडे हा रस्ता कबीर खान यांनी २००६ मध्ये 'काबुल एक्स्प्रेस'मधून धरला. तालिबानची सत्ता नुकतीच कोसळली आहे, आणि एका गाडीत दोन भारतीय पत्रकार, एक अमेरिकी छायाचित्रकार, अफगाण चालक खैबर आणि त्यांना ओलीस धरणारा पाकिस्तानी इम्रान. चित्रीकरण प्रत्यक्ष अफगाणिस्तानात झालं, त्यामुळे तिथली धूळ आणि उद्ध्वस्त भिंती खऱ्या आहेत. कपिल देव मोठा की इम्रान खान, यावर ओलीस आणि बंदूकधारी हमरीतुमरीवर येतात. त्या दोघांतली ओळखीची ऊब हे या चित्रपटाचं सर्वात मोठं बळ. पण त्या वादात खैबरला जागा नाही. देश त्याचा, उद्ध्वस्त झालेली घरं त्याच्या माणसांची आणि गाडीतला संवाद मात्र दोन शेजारी देशांचा. पुढे हजारा समाजाबद्दलच्या काही संवादांवरून अफगाण सरकारने या चित्रपटावर बंदीच घातली.

चित्रपटाला काही महिने होतात न होतात तोच, मार्च २००७ मध्ये, हेल्मंद प्रांतात तालिबानने इटालियन पत्रकार दानिएले मास्त्रोजाकोमो, त्यांचे दुभाषी अजमल नक्शबंदी आणि चालक सय्यद आगा यांना पकडलं. चालकाचा शिरच्छेद झाला. पाच तालिबानी कैद्यांच्या बदल्यात इटालियन पत्रकार सुटले. अजमलसाठी तसा सौदा झाला नाही. एप्रिलमध्ये त्यांनाही मारलं. एकाच गाडीतल्या तीन जिवांची किंमत इतकी वेगवेगळी ठरली. माझ्या मते, यानंतर चालकाला नुसता सोबती म्हणून दाखवणं कुठल्याही प्रामाणिक दिग्दर्शकाला जड जायला हवं. अजमलवर २००९ मध्ये इयन ओल्ड्स यांनी माहितीपट केला, त्यात मध्यभागी अजमलच आहेत.

'२० डेज इन मारिउपोल' (२०२३) मध्ये तर कॅमेरा धरणारे मस्तिस्लाव चेर्नोव्हच युक्रेनचे. पाहुणा कोणी नाहीच. तरीही शहराला पडलेल्या रशियन वेढ्यातून निघताना त्यांना व्होलोदिमिर या स्थानिक पोलिसाची मदत घ्यावी लागली. त्याच्या कुटुंबासोबत गाडीत बसून ते रशियन नाकी पार करत बाहेर पडले. तो पोलिस चित्रपटात नावानिशी आहे, आणि शहरावर काय ओढवलंय ते कॅमेऱ्यासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने जगाला सांगतो.