घुमट तोच, देव वेगळा

रोमची चर्चे एका दिवसात पाहणाऱ्याने पँथिऑन आणि सान क्लेमेंते लागोपाठ पाहिली, तर एक प्रश्न टळत नाही: वास्तूचे पावित्र्य दगडात असते की वापरात? सम्राट हेड्रियनच्या काळात पुरे झालेले पँथिऑन रोमन देवतांचे मानले जाते. ६०९ मध्ये पोप चौथा बोनिफेस याने ते मेरी आणि हुतात्म्यांना वाहिले. सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट तोच, त्याच्या माथ्यावरचे आभाळाला उघडे वर्तुळ तेच, खालची प्रार्थना मात्र निराळी. सान क्लेमेंतेत तर बाराव्या शतकातल्या चर्चखाली चौथ्या शतकातले चर्च आहे, आणि त्याच्याही खाली मिथ्रदेवाचे देऊळ. पावित्र्य दगडातच मुरलेले असते, तर जुन्या घुमटाखाली नवी उपासना रुजलीच नसती. उलट ती रुजली म्हणून घुमट टिकला. ओस पडलेल्या कितीतरी रोमन वास्तूंचे दगड लोकांनी नव्या बांधकामांना नेले.

कोणी म्हणेल, हे पावित्र्य कसले, ही तर जेत्याची मालकी! आक्षेप निम्मा खरा आहे. जुन्या देवांना कोणी विचारले नव्हते. पण नुसत्या मालकीने काही राखले जात नाही. पँथिऑनच्या द्वारमंडपातले ब्राँझ सतराव्या शतकात काढून वितळवले, ते आठवा अर्बन या पोपनेच. मग आजची पर्यटकांची झुंबड? तिने उपासना झाकोळते, संपत नाही. २०२३ मध्ये पँथिऑनला पाच युरोंचे तिकीट लागू झाले. मिस्साला येणाऱ्यांना ते माफ ठेवले.