जन्माआधीचे देणे

वैनगंगेच्या काठच्या, मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील, वारासिवनीचा किंवा लांजीचा म्हणा, मास्तरकी करून निवृत्त झालेला, बहात्तरीत शिरलेला आणि कित्येक वर्षे मधुमेहाची गोळी घेत आलेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणला, तर आजारपणाच्या खर्चाची हमी मागावयास त्याला आज दोन दारे आहेत असे दिसेल. आणि ती दोन निराळ्या दप्तरांचीच नव्हेत, तर मनुष्यदेहाकडे पाहण्याच्या दोन निराळ्या दृष्टींची दारे आहेत. पहिले दार विमा कंपनीचे. तेथे त्याला आधी वय विचारतात, मग आधीचा आजार विचारतात, आणि उत्तरानुसार हप्त्याची रक्कम, थांबावयाची मुदत आणि वगळावयाची व्याधी ठरवितात. दुसरे दार आयुष्मान भारत योजनेचे. २०१८ साली ते गरीब कुटुंबांसाठी उघडले आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या मुहूर्तावर, सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकासाठी, त्याची मिळकत न पाहता, खुले झाले. तेथे वयाची खातरजमा झाली की घरातील अशा सर्व वृद्धांना मिळून वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात, आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून त्यात धरला जातो. जे वय एका दारी वैगुण्य ठरते तेच दुसऱ्या दारी अधिकार कसे ठरते, हा प्रश्न मला हिशेबाचा वाटत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे, आणि धर्म या शब्दाने आपले पूर्वज जे कर्तव्य समजत आले त्या अर्थाने मी तो विचारात घेत आहे.

विमा कंपनीची बाजू प्रथम न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. विमा म्हणजे अनिश्चिताची वाटणी. पुष्कळांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट ओढवेल त्याला त्यातून सावरावे, असा तो करार आहे. परंतु संकट आल्यावरच जर लोक करारात शिरू लागले तर निधी रिता होईल आणि प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे हप्ता भरणाऱ्याची फसगत होईल. म्हणूनच १७६६ साली इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी असा दंडक घालून दिला की, जे अर्जदारालाच ठाऊक आहे ते त्याने दडवून ठेवता कामा नये. या युक्तिवादाला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडील विमा नियामक प्राधिकरणाने तो मान्य करूनच त्याची धार कमी केली आहे. आधीच्या आजारासाठी थांबावयाची कमाल मुदत २०२४ साली चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पासष्टीनंतर नवा विमा नाकारण्यास आधार देणारी वयाची अट गेली. सलग पाच वर्षे हप्ते भरलेल्या माणसाचा दावा, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर फेटाळता येत नाही; ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. आणि ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने साठी उलटलेल्यांचा हप्ता वर्षात शेकडा १० हून अधिक वाढवावयाचा तर प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करणे भाग पडले. या सुधारणा मोलाच्या आहेत. तरीही त्यांनी मुदती बदलल्या, प्रश्न बदलला नाही. ‘तुला आधी काय झाले होते?’ हे विचारणे चालूच आहे.

आणि हे विचारणे कंपन्यांनीच आपल्यावर लादले आहे असेही नाही. ते आपल्या मनात फार पूर्वीपासून घर करून आहे. शेजारच्या घरी कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले की ‘त्याचे भोग आहेत’ असे आपण सहज बोलून जातो, आणि त्या एका वाक्याने रोग्याच्या दुःखाचा दावा आपल्यापुरता नामंजूर करून मोकळे होतो. पूर्वजन्मीचे कर्म हे जणू त्याने दडविलेले पूर्ववृत्त, आणि आजचा रोग हा त्याचा उघड झालेला पुरावा! कर्मसिद्धान्ताचा हा उपयोग मला त्या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा अपमान वाटतो. कारण माझ्या कृत्यांची जबाबदारी माझ्यावर आहे हे मला सांगण्यासाठी जो विचार जन्मला, तो दुसऱ्याच्या वेदनेची जबाबदारी माझ्यावर नाही हे सिद्ध करण्यासाठी राबविला जातो.

आपल्या प्राचीनांनी मात्र हा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडविला नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, पांचालदेशी कांपिल्य नगरीत, गंगातीरी फिरत असता आत्रेय आणि शिष्य अग्निवेश यांचा संवाद आहे. ज्यांची प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बळ भिन्न, वय भिन्न, अशी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात, असे शिष्य विचारतो. आणि गुरू उत्तर देतात की वायू, जल, भूमी व काल ही चार सर्वांची समाईक आहेत, ती बिघडली म्हणजे व्यक्तीव्यक्तींतील भेद कामास येत नाही. त्याच अध्यायात पुढे आयुष्य नियत आहे काय याचा विचार येतो. दैव आणि पुरुषकार या दोहोंवर आयुष्य अवलंबून आहे, आणि सर्वच आयुष्य ठरलेले असते तर औषधाचे प्रयोजनच उरले नसते, असा आत्रेयांचा अभिप्राय आहे. म्हणजे दैव नाकारले नाही, पण त्याच्या हाती सगळे दप्तरही सोपविले नाही. बुद्धाने तर अधिक स्पष्ट सांगितले. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारले की, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच फळ, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय? बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा पालट, अनियमित आचरण, बाहेरचा आघात अशी कारणे एकेक करून मोजली आणि कर्मविपाकाला त्या यादीत आठवे स्थान दिले. सगळे दुःख पूर्वकर्माच्या खाती टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य म्हणून मानलेल्याच्या पलीकडे जातात, असा त्याचा निर्णय आहे.

हा निर्णय वैनगंगेच्या खोऱ्यात आणून पाहावा. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपासून उत्तरेस मैकल पर्वताच्या जंगलापर्यंत सिकलसेल नावाचा रक्ताचा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो संसर्गाने होत नाही, व्यसनाने होत नाही. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक. येथे ‘आधीचा आजार’ या कल्पनेची कसोटी लागते, कारण हा आजार पहिल्या श्वासाच्याही आधीचा आहे. आणि तो का टिकून राहिला? १९५४ साली अँथनी ॲलिसन या संशोधकाने आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले की, या दोषाचा एकच अंश ज्याच्या रक्तात असतो त्याला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. ज्या दाट जंगलांत हिवतापाने वस्त्याच्या वस्त्या ओस पडत, तेथे तो अंश बाळगणारे तगले आणि त्यांचा वंश वाढला. दोन्ही अंश एकत्र आल्यामुळे आज वेदनेने तळमळणारे मूल हे कोणत्याही पापाचे फळ भोगत नाही. त्याच्या सगळ्या समाजाच्या जगण्याची किंमत ते एकटे चुकवीत आहे. अशा मुलाला पुढे मोठेपणी अर्जावर ‘होय, मला आधीपासून आजार आहे’ असे लिहावे लागते तेव्हा त्या उत्तराचा भार कोणी उचलावयाचा?

एक गोष्ट मला येथे विशेष अस्वस्थ करते. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातच, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे आणि २०४७ पर्यंत हा विकार संपवावयाचा असा तिचा संकल्प आहे, आणि तो सर्वथा स्तुत्य आहे. परंतु तपासणीत जे कळले ते पत्रिकेवर लिहिले जाते, आणि सरकारने हितबुद्धीने माणसाच्या हातात दिलेला तोच दाखला विमापत्राच्या बाजारात त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक व्याधी सरसकट वगळणारे कलम घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले, हा मोठा दिलासा होय. तरी सत्य शोधून काढण्याचे फळ सत्य सांगणाऱ्याला दंडरूपाने मिळू नये, एवढी दक्षता ज्या व्यवस्थेत नाही तिने कोणाकडून सचोटीची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावी?

मला वाटते, चूक करार आणि ऋण यांची गल्लत करण्यात आहे. करार दोन स्वतंत्र पक्ष आपखुशीने करतात आणि त्याला आरंभाची तारीख असते. म्हणून त्या तारखेच्या आधीचे व नंतरचे असा भेद त्यात सुसंगत ठरतो. ऋणाला तशी तारीख नसते. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, आणि तेथे देव, ऋषी व पितर यांच्या जोडीला चौथे ऋण मनुष्यांचे मोजले आहे. मी सही केली नाही, अटी वाचल्या नाहीत, तरी देणे माझ्या माथी आहेच. कारण ज्यांच्या श्रमावर मी वाढलो त्यांनीही माझ्याशी करार केला नव्हता. भरवेलीच्या भूमिगत खाणीतून ज्यांनी आयुष्यभर मँगनीज वर काढले, ज्यांनी वारासिवनीच्या शेतांत गुडघाभर चिखलात धानाची रोवणी केली, त्यांची वाकलेली पाठ आणि थकलेला श्वास यांना ‘पूर्वस्थित व्याधी’ म्हणावयाचे की आपण उपभोगलेल्या श्रमाचे शिल्लक देणे म्हणावयाचे? म्हातारपण हा प्रत्येकाच्या देहात आधीपासून असलेला आजार आहे. तो अनिश्चित नाही, आणि म्हणूनच विम्याच्या तराजूत तो नीट बसत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धाला आढळला. इतर भिक्षू त्याची शुश्रूषा का करीत नाहीत असे विचारता उत्तर मिळाले की, तो त्यांच्या काही उपयोगी पडत नाही. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला न्हाऊ घातले आणि उचलून शय्येवर निजविले. मग भिक्षूंना बोलावून, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रोग्याची सेवा करावी, असे सांगितले. त्या भिक्षूंचे उत्तर म्हणजे कराराची भाषा होती.

आधुनिक काळात ही ऋणाची दृष्टी कायद्याच्या भाषेत आणण्याचा यत्न करणाऱ्यांत आपली माणसे होती, याचा मराठी वाचकाला विसर पडू नये. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. त्याआधी १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची जी योजना सादर केली, तिच्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला, आणि त्यात वर्गणी मजुरीच्या प्रमाणात ठरली, आजाराच्या नव्हे. आपल्या जुन्या मध्यप्रांतात, रायपुरास, जमाबंदी अधिकारी राहिलेले चिंतामणराव देशमुख यांनी अर्थमंत्री या नात्याने १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. आजारपणाचा विमा मात्र कराराच्याच चौकटीत राहिला. १९८६ साली मेडिक्लेम आला तोच आधीचे आजार वगळून.

कोणी म्हणेल, ऋण म्हटल्याने पैसा उभा राहत नाही. खरे आहे. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने, आधीच्या आजारामुळे विमा नाकारण्यास किंवा हप्ता वाढविण्यास बंदी केली, तेव्हा निरोग्यांनाही विमा घेणे भाग पाडावे लागले, आणि त्या सक्तीवरून तेथे मोठा कलह माजला. सर्वांनी आधीपासून द्यावे, म्हणजे आधी काय झाले होते हे कोणालाच विचारावे लागत नाही. कररूपाने चालणाऱ्या आपल्या योजनेचे नैतिक बळ यातच आहे. पण ती अजून अपुरी आहे. ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च सोसते. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, सिकलसेलच्या रोग्याने नित्य घ्यावयाचे औषध हा न संपणारा खर्च तिच्या बाहेर पडतो, आणि वृद्धाचे घर पोखरते ते याच खर्चाने. सरकारी दवाखान्यात औषध फुकट असते, पण ते दर महिन्याला तेथे असलेच पाहिजे. बालाघाटचा मनुष्य मोठ्या आजारासाठी गोंदियास व नागपुरास जातो. योजनेचे कार्ड देशभर चालावे असा नियम आहे, तो प्रांताची सीमा ओलांडताना खिडकीवर पाळला जातो की नाही यावर दोन्ही राज्यांनी नजर ठेवावी.

आणि साठ ते सत्तर या दहा वर्षांचे काय? बैहरच्या बैगा कुटुंबाला आदिम जमात म्हणून योजनेत आपोआप स्थान आहे, सत्तरीच्या मास्तरांना वयामुळे आहे. परंतु चौसष्टीतला किराणा दुकानदार, जो गरिबांच्या यादीत नाही आणि ज्याच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसविला आहे, तो पहिल्याच दारी परततो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील शेकडा १८ चा कर उठला, त्यामुळे त्याचा हप्ता काही हलका होईल. तीन वर्षांची मुदत मात्र तशीच उभी आहे. सत्तरीची रेषा साठीवर आणण्यासाठी आणि दवाखान्याबाहेरच्या औषधाचा खर्च योजनेत घेण्यासाठी जी रक्कम लागेल ती मोठी असेल, आणि ती आज कमावत्या, निरोगी, तिशीतल्या माणसाकडून वसूल करावी लागेल. ती त्याच्याकडे दानाची याचना म्हणून न मागता देण्याची मागणी म्हणूनच मागितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.